आमची वाटचाल : जाम चाकांवर चाललेलं गॅरेज

रत्नागिरीजवळ हातखंब्याच्या तिठ्यापासून थोडं आत, चिऱ्याच्या दोन खोल्या आणि पुढे पत्र्याची शेड. गॅरेज सुरू केलं तेव्हा महामार्ग १७ नंबरचा होता, आता तो ६६ झालाय. पहिली काही वर्षं पंक्चर, क्लच, ऑइल बदली, जे येईल ते केलं. त्यात सांगण्यासारखं फारसं नाही. ब्रेकवाले म्हणून नाव झालं ते एका चुकीमुळे.

रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातून कोल्हापूरला मासळी नेणारा पिकअप आला. पुढचं डावं चाक तापतंय म्हणाला. बर्फाचं खारं पाणी गाडीखाली ठिबकतं, वर समुद्राची हवा. कॅलिपर म्हणजे चाकाची डिस्क दोन्हीकडून दाबणारा चिमटा. त्याला दाबणारा पिस्टन गंजला असणार, असं मी न उघडताच ठरवलं. नवा कॅलिपर बसवला, पैसे घेतले. चौथ्या दिवशी साखरप्याहून फोन: आंबा घाट उतरलोय, चाकातून धूर येतोय. मी पोचेपर्यंत चाक गार होऊन हाताने फिरत होतं! ड्रायव्हरला पुन्हापुन्हा ब्रेक मारायला लावले, तेव्हा कुठे चाकाने धरलं. कॅलिपरचा निप्पल, म्हणजे ब्रेक ऑइल बाहेर काढायचा छोटा स्क्रू, जरासा सैल केला. ऑइलची चिळकांडी उडाली आणि चाक मोकळं. म्हणजे दाब आत कोंडला होता. कॅलिपरला ऑइल नेणारा, बाहेरून धडधाकट दिसणारा रबरी होज आतून फुगला होता. पायाच्या जोरावर ऑइल पुढे जायचं, परत यायचं नाही. कॅलिपरचे पैसे परत केले. बायकोने ती रक्कम वहीत लाल पेनाने लिहिली, ती वही अजून आहे.

तेव्हापासून पार्टला हात लावायच्या आधी निप्पल. चाक जाम असतानाच तो सैल करायचा. तरीही चाक सुटलं नाही, तर पिस्टन किंवा कॅलिपर ज्यांवर सरकतो त्या पिना अडकल्यात. साफ करून योग्य ग्रीस लावल्यावर पुष्कळदा काम होतं. सुटलं, तर दाब वरून अडलाय. मग पुन्हा ब्रेक दाबून चाक जाम करायचं आणि होजच्या वरच्या टोकाचा, लोखंडी नळीकडचा जोड सैल करायचा. चाक जामच राहिलं तर होज, सुटलं तर गोष्ट मास्टर सिलिंडरकडे जाते, म्हणजे पेडल दाबल्यावर ऑइल ढकलणाऱ्या मुख्य पंपाकडे. चारही चाकं धरत असतील तर मास्टर सिलिंडरचे बूस्टरवरचे (पायाचा जोर वाढवणाऱ्या डब्यावरचे) नट थोडे ढिले करून बघतो. तेवढ्याने सुटली तर आतला रॉड पेडल सोडल्यावरही मास्टरला दाबून धरतोय.

“एबीएस आहे, मग जाम कशी?” हा प्रश्न रोजचा. एबीएस ही गाडीतली यंत्रणा जोरात ब्रेक मारताना चाक घसरू देत नाही. गंजलेल्या पिनेचं त्याला काय!

एकदा एका गृहस्थांनी ब्रेकच्या बाटलीत इंजिन ऑइल टाकलं होतं. सगळी रबरं फुगली. नळ्या धुऊन रबराचा प्रत्येक तुकडा बदलावा लागला. साधं ब्रेक ऑइलही हवेतली ओल पितं. डॉट ३ या दर्जाचं ब्रेक ऑइल नवं असताना २०५ अंश सेल्सिअसच्या आत उकळत नाही, ओल धरल्यावर १४० लाही उकळू शकतं. आमच्याकडच्या पावसात मी ते दोन वर्षांच्या पुढे ठेवू देत नाही.

गणपतीत मात्र वेगळीच गर्दी. चाकरमानी अंगणात हँडब्रेक ओढून गाडी लावतात, आठवडाभर पाऊस कोसळतो आणि निघायच्या दिवशी मागची चाकं हलत नाहीत. मागच्या ब्रेकचे शू, म्हणजे आतून दाबणाऱ्या पट्ट्या, चाकाच्या ड्रमला गंजाने चिकटलेले असतात. ड्रमवर हातोडीने हलकं ठोकायचं, गाडी मागेपुढे झुलवायची. जोरात रेस मारून ओढलं की शूवरचं लायनर (घासणारा थर) उखडतं. सपाट अंगण असेल तर हँडब्रेक नको: पहिला गिअर, चाकाला चिरा. हे मी फुकट सांगतो.

बाकी तपासणीचे पैसे घेतो. “बदललंत काय?” असं विचारून लोक कुरकुरतात. नव्या कॅलिपरचं बिल निमूट देतात, निप्पल फिरवून तो वाचवला तर तोंड वाकडं! हे मला कधी कळलं नाही.

आता हाताखाली दोन पोरं आहेत. गाडीखाली उभं राहून काम करायला यंदा खड्डा मारायला घेतलाय. चार फुटांवर कातळ लागला. गणपतीआधी होईल, असं चिरेवाला म्हणतो.