एकवीस की बारा

शाळेचा चौथा दिवस

बाकी महाराष्ट्रात जूनच्या मध्यावर घंटा वाजते, विदर्भात उन्हाच्या धाकानं महिना सरत येतो. दुसरीला दशक-एकक शिकवायला काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे लागतात, म्हणून कपाट उघडलं की पहिला शोध ते बांधायच्या रबरबँडांचा. नागपूरचा मे लोखंडी कपाटात काढलेले रबर एकमेकांना चिकटतात, ताणले की तुकडे. दरवर्षी हेच, आणि दरवर्षी एप्रिलात कुणाला आठवत नाही. सायकलच्या जुन्या ट्यूबचे बोटाच्या पेराहून बारीक काप काढले तर दोन-तीन वर्षं टिकतात. फक्त वेढा दुहेरी घालायचा.

दुसरीच्या वर्गात 32 पोट्टे. दोघांत 40 काड्या, म्हणजे 640. खराट्याच्या काड्या फुकट मिळतात, पण शेंड्याकडचा बारीक भाग कापून टाकायचा. त्यामागं कारण आहे. या वयात लेकरू आधी जाडी बघतं, मग मोजतं. आठ जाड काड्यांची मोळी दहा बारीक काड्यांपेक्षा त्याला 'जास्त' वाटते. काड्या एकसारख्या नसल्या तर पुढचा सगळा खेळ बिघडतो.

सोमवार, पावसाची रिपरिप

'एकवीस लिहा' म्हटलं की वर्गात पाच-सहा पाट्यांवर 12 असतंच. ही चूक कानाची आहे, आणि तिच्यात एक शहाणपणही आहे. 'एकवीस'मध्ये एक आधी ऐकू येतो, वीस नंतर. लेकरानं ऐकल्याबरहुकूम लिहिलं. त्याला 'नीट लिही' म्हणून काय होणार?

एकोणतीसचं दुखणं याहून अवघड. कानावर 'तीस' पडतं, म्हणून कुणी 39 लिहितं. 'एक' आणि 'तीस' दोन्ही पडलं म्हणून कुणी 31. ज्यांच्या घरी हिंदी बोलतात ते उनतीसवरून एकोणतीस बरोबर पकडतात, पण 89ला अडखळतात. हिंदीत तिथं नवासी, मराठीत एकोणनव्वद. आणि एकोणची ही रांग पाठ झाली रे झाली की 99 येतो: नव्व्याण्णव. 'एकोणशंभर काऊन नाही?' हा प्रश्न दरवर्षी कुणीतरी विचारतंच. त्या दिवसापुरता तो वर्गातला सगळ्यात हुशार प्रश्न.

2019मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात 21चं 'वीस एक' असं वाचन आलं, तेव्हा केवढी थट्टा झाली. वर्गात मात्र ते पायरी म्हणून चांगलं चालतं. आधी दोन गठ्ठे ठेवायचे, तोंडानं 'वीस'. मग एक सुटी, तोंडानं 'एक'. मग लगेच 'एकवीस', आणि त्यानंतरच पाटी. पण पायरीवर बसून राहायचं नाही. इतवारी बाजारातला दुकानदार 'वीस एक रुपये द्या' म्हणणार नाही, आणि म्हणालाच तर त्याचा अर्थ वीसच्या आसपास असा होईल.

बुधवार

गठ्ठे आयते बांधून दिले की फसलंच. लेकरू बाहेरून 'दहा' म्हणतं, पण आत दहा आहेत यावर त्याचा भरवसा नसतो. 23 मोजायला सांगा: दोन्ही गठ्ठे सोडून एकापासून मोजायला लागेल. मोजू द्यावं. गठ्ठा त्यानंच बांधावा, शेजाऱ्यानं सोडून तपासावा. 'सर, याच्यात एक कमी पडून राह्यला' ही तक्रार आली म्हणजे धडा रुजतो आहे. साधारण आठवडा-दीड आठवडा जातो, आणि मग एक दिवस कुणीतरी गठ्ठ्याला हातही न लावता 'दहा, वीस, एकवीस, बावीस, तेवीस' म्हणून मोकळं होतं. त्या वेळी मध्ये बोलू नये. शाबासकीसुद्धा नंतर.

आणखी एक गोष्ट, मोठ्यांच्याच चुकीची. गठ्ठे डावीकडे, सुट्या उजवीकडे असं शिकवायचं आणि बसायचं लेकरासमोर! आपली डावी ती त्याची उजवी. काड्या आपल्या बाजूनं मांडल्या की त्याला सुट्या डावीकडे दिसतात, आणि तो इमानेइतबारे 21चे 12 करतो. शेजारी बसावं, नाहीतर पाठीमागून वाकावं.



तान्ह्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी

आज काड्या कपाटातच. काल लाकडी नंदी घेऊन घरोघर फिरलेल्या पोरांच्या खिशात बोजारा, म्हणजे घरोघर मिळालेले पैसे, खुळखुळतोय, आणि मारबतीच्या मिरवणुकीच्या गप्पा आवरत नाहीत. दहाची नाणी डावीकडे, रुपयाची उजवीकडे. पाच-दोनची सध्या खिशातच. तीन दहाची, चौदा रुपयाची. पाटीवर आलं 314.

ही चूक वाट बघण्यासारखी असते. पुसायची नाही. 'तीनशे चौदा रुपये मिळाले?' एवढंच विचारायचं. पैशाच्या बाबतीत लेकरं गाफील नसतात. थोडा वेळ नाण्यांकडे टक लावणं, मग रुपयाची दहा नाणी वेगळी सरकवणं, मग शेजाऱ्याकडे बघणं: 'तुझ्याजवळ दहाचं आहे नं? मला दे, हे घे.' चार दहाची, चार सुटी. शेजारी मात्र आपली दहा नाणी दोनदा मोजून घेतो.