दादा, काका आणि बर्लिनची यू-६

ऑफिसात आल्याच्या पहिल्याच आठवड्यात तिनं मला काका म्हटलं आणि मी दचकलोच, कारण वयानं ती माझ्याएवढीच, बत्तीस-तेहतीसची. मग कळलं की स्वाहिलीत काका म्हणजे भाऊ आणि दादा म्हणजे बहीण. त्या दिवसापासून ती मला काका म्हणते आणि मी तिला दादा. घरी फोनवर "दादाबरोबर बर्लिनला चाललोय, ती तिकीट काढतेय" असं म्हटलं की आई दोनदा विचारते कोण चाललंय म्हणून. तुमचाही थोडा गोंधळ होईल पण ह्या पोस्टमधे ती दादाच राहणार.

दादा टांझानियातल्या दार-एस-सलामची, तिकडे बंदरातल्या मालवाहतुकीचं काम करायची. इथे स्टुटगार्टजवळ आमच्या कंपनीत आली ती 'आफ्रिका कोम्ट' ह्या प्रोग्राममधून. कोम्ट म्हणजे येतेय. २००८ मधे काही मोठ्या जर्मन कंपन्यांनी मिळून हे सुरू केलं आणि चालवायचं काम जीआयझेड ह्या सरकारी संस्थेकडे आहे. सहाराच्या दक्षिणेकडच्या देशांमधून डिग्री आणि काही वर्षांच्या नोकरीचा अनुभव असलेली तरुण मंडळी निवडतात, जर्मन शिकवतात आणि मग जवळपास आठ महिने इथल्या कंपनीत टीममधे काम, ते झालं की परत आपल्या देशात. म्हणजे हे नुसतं शिकायला येणं नाही आणि इथेच राहून जायची वाटही नाही, उद्या तिकडे मोठ्या जागेवर बसणारा माणूस आणि इथली कंपनी ह्यांची आधीच ओळख असावी हा हिशेब. हिशेब स्वाहिलीतही हेसाबूच, दुकान दुका, बंदर बंदारी. आमच्या जेवणाच्या सुट्ट्या ह्या शब्दांवरच जायच्या.

मे महिन्यात हिमेलफार्टची (येशूच्या स्वर्गारोहणाची) गुरुवारची सुट्टी, शुक्रवार टाकला की चार दिवस, म्हणून बर्लिन ठरलं. मी आधी दोनदा गेलेलो, ब्रांडेनबुर्ग गेट, भिंत, सगळं झालेलं. ह्यावेळी प्लॅन दादाचा होता आणि तो अख्खा एका मेट्रो लाइनवर होता, यू-६.

पहिला स्टॉप नाटूरकुंडेम्युझियम, म्हणजे निसर्गविज्ञानाचं संग्रहालय. आत मोठ्या हॉलमधे तो उभा आहे, डायनासॉरचा सांगाडा, ब्राकिओसॉरस म्हणायचे त्याला, आता जिराफाटायटन म्हणतात, १३ मीटरपेक्षा उंच, खाली उभं राहून त्याचं डोकं बघायचं तर मान अवघडते. लोक फोटो काढत होते, लहान पोरं ओरडत होती, आणि दादा गप्प. तो टांझानियाचा आहे. दक्षिणेला लिंडीजवळ टेंडागुरू नावाची टेकडी आहे, तिथून १९०९ ते १९१३ ह्या काळात जर्मन लोकांनी शेकडो टन वजनाची हाडं खणून काढली. खणणारे आणि वाहणारे शेकडो लोक तिथलेच, रस्ता नाही, गाडी नाही, डोक्यावर आणि खांद्यावर ओझी घेऊन काही दिवस चालत लिंडी बंदर गाठायचं. त्यांच्यातल्या मुख्य मुकादमाचं नाव दादानं मला सांगितलं, बोहेती बिन अम्रानी, आणि माझ्याकडून दोनदा म्हणून घेतलं.

मग म्हणाली, "काका, हा फोटो आमच्या शाळेच्या पुस्तकात होता. पण लिंडीच्या पोरांना हा खरा बघायचा तर शेंगेन व्हिसा लागतो."

ह्यावर काय बोलणार. माझ्या आईबाबांना इथे दोन महिने यायचं होतं तेव्हा यवतमाळहून मुंबई, बँकेची स्टेटमेंटं, सातबारा सुद्धा जोडला होता बाबांनी, की आमची शेती आहे, आम्ही परत जाऊ. दादाला हे सांगितलं तर तिनं तिच्या भावाची गोष्ट सांगितली, कागद सगळे बरोबर असून व्हिसा नाकारलेला. पार्टनरशिप हा शब्द इकडे प्रत्येक भाषणात असतो आणि माझा त्यावर विश्वासही आहे, पण एकाला सहज निघता येतं आणि दुसऱ्याला आधी आपण परत जाऊ हे सिद्ध करावं लागतं, हे मिटल्याशिवाय ती दोन्ही बाजूंनी सारखी होणार नाही असं मला मनापासून वाटतं.

बाहेर कॉफी प्यायला गेलो तर काउंटरवर पाटी, फक्त रोख. दादाकडे कार्ड, माझ्याकडे कार्ड. तिच्याकडे रस्त्यावर शहाळं विकणारासुद्धा मोबाईलवर पैसे घेतो. एम-पेसा केनियात २००७ मधे आलं आणि पुढच्याच वर्षी टांझानियात. आपलं यूपीआय २०१६ चं. हीच गोष्ट तिनं आमच्या ऑफिसात प्रेझेंटेशनमधे मांडली होती, की साधा फोन असलेल्या माणसाकडून सुट्या भागांचे पैसे कसे वसूल होतात, आणि आमचे सीनियर लोक, ज्यांनी आधीचे तीन महिने तिला फक्त समजावून सांगितलं होतं, पहिल्यांदा वही काढून लिहून घेत होते. ते बघून मला फार बरं वाटलं होतं.

दुसरा स्टॉप श्टाटमिटे, तिथून चालत विल्हेल्मश्ट्रास. जर्मनीचा चान्सेलर बिस्मार्कचा वाडा होता, जिथे बर्लिन परिषद झाली, तिथे आता साधे फ्लॅट आहेत आणि माहितीचा एक फलक. १५ नोव्हेंबर १८८४ ते २६ फेब्रुवारी १८८५, चौदा देशांचे प्रतिनिधी बसून आफ्रिकेचे नियम ठरवत होते आणि आफ्रिकेचा त्यात एकही नाही. परिषद संपली आणि दुसऱ्याच दिवशी कैसरनं कार्ल पेटर्स ह्या वसाहतवाद्याच्या कंपनीला पूर्व आफ्रिकेतल्या, म्हणजे आजच्या टांझानियातल्या, मुलखाची सनद दिली. दहा मिनिटांत निघालो तिथून.

तिसरा स्टॉप आफ्रिकानिशे श्ट्रास, वेडिंगमधे. इथे आमच्याबरोबर ऑफिसचाच एक जुना जर्मन सहकारी आला, तो आता बर्लिनलाच राहतो. एकोणिसाव्या वर्षी तो एका संस्थेमार्फत वर्षभर टांझानियात जाऊन आलेला, आल्या आल्या साठ पोरांचा वर्ग त्याच्या हातात दिला होता, शिकवता येतं का हे कुणी विचारलं नव्हतं. हे सांगताना आजही त्याचा चेहरा उतरतो. जर्मन सरकारचा 'वेल्टवेर्ट्स' प्रोग्रामही २००८ मधे सुरू झाला तेव्हा फक्त जर्मन पोरं बाहेर जायची. तिकडची पोरं इकडे यायला लागली ती २०१३ पासून. हा बदल फार आधी व्हायला हवा होता.

ह्या भागात झांझिबार, कामेरून, टोगो अशा नावांचे रस्ते आहेत. हागेनबेक नावाच्या प्राण्यांच्या व्यापाऱ्याला इथे प्राणी आणि माणसं दोन्ही दाखवायची बाग करायची होती, पहिलं महायुद्ध आलं म्हणून राहिलं. आम्हाला बघायचा होता तो पेटर्सआले हा रस्ता, आले म्हणजे झाडांच्या रांगांचा रस्ता. पेटर्स म्हणजे तोच, सनदवाला. १९८६ मधे म्हणे हे नाव आता दुसऱ्या पेटर्सचं समजायचं, पाटी तीच, माणूस वेगळा. शेवटी ऑगस्ट २०२४ मधे नाव खरोखर बदललं, एका भागाला नामिबियाच्या स्वातंत्र्यलढ्यातल्या आना मुंगुंडाचं आणि दुसऱ्याला माजी-माजी-आले.

स्वाहिलीत माजी म्हणजे पाणी. १९०५ मधे दक्षिण टांझानियातले लोक जर्मन राजवटीविरुद्ध उठले, मंतरलेल्या पाण्यानं गोळ्यांचं पाणी होईल ह्या विश्वासावर. कारणांमधलं मोठं कारण कापूस. सक्तीनं लावलेला, गावानं राबायचं आणि हातात काही नाही. मी कापूसवाल्या घरातला, हे ऐकताना मला आमचं शेत दिसत होतं, बोटांना लागणारी बोंडं. १९०७ पर्यंत चाललेल्या त्या लढाईत आणि जर्मन सैन्यानं शेतं जाळल्यावर पडलेल्या दुष्काळात मिळून तीन लाखांपर्यंत माणसं गेली असा अंदाज आहे.

दादाची आजी ह्याच दक्षिण भागातल्या सोंगेया गावाकडची. १ नोव्हेंबर २०२३ ला जर्मनीचे राष्ट्राध्यक्ष श्टाइनमायर सोंगेयाला गेले आणि त्यांनी क्षमा मागितली, ते तिनं आजीबरोबर टीव्हीवर बघितलं होतं. पाटीखाली तिनं फोटो काढला नाही, व्हिडिओ कॉल लावला. फोन वर धरून आजीला पाटी दाखवली. कुत्रा फिरवणाऱ्या एक बाई थांबल्या, त्यांनी नाव "मायी-मायी" असं वाचलं, जर्मनमधे जे चा य होतो म्हणून. दादानं शांतपणे सांगितलं, "माजी". बाईंनी परत म्हटलं, बरोबर म्हटलं, आणि फोनमधून आजी काहीतरी बोलली, बहुतेक शाबास.

परतीच्या गाडीत दादा झोपली आणि मला पुण्यातलं कॉलेज आठवत राहिलं. आमच्या बिल्डिंगमधे खालच्या मजल्यावर सुदानचे विद्यार्थी राहायचे. चार वर्षं जिन्यात भेटायचो. एकदाही त्यांच्याकडे चहाला गेलो नाही, त्यांना बोलावलं नाही, नावं सुद्धा विचारली नाहीत. त्याची मला खंत आहे.

दादा सप्टेंबरात परत गेली. जाताना तिनं बॉसला एकच मागणं मागितलं, आता इथला कुणीतरी आठ महिने माझ्या ऑफिसात पाठवा, आधी स्वाहिली शिकवून. बॉसनं ऐकलं. आमच्या टीममधला सव्वीस वर्षांचा एक जर्मन पोरगा जानेवारीत दार-एस-सलामला जातोय. हल्ली तो रोज जेवताना माझ्यासमोर बसून आकडे म्हणतो, मोजा, म्बिली, तातू, आणि सिता-साबा आलं की माझ्याकडे बघतो, कारण सहा-सात मी त्याला आधीच मराठीत शिकवलेत.