पांढरी अर्धी गोळी

सत्तरीतल्या आजी दाढ काढायला आल्या. "गोळ्या कुठल्या चालू आहेत?"

"बीपीची, आणि ती पांढरी अर्धी."

पांढरी अर्धी! निम्म्या औषधांना हे वर्णन लागू पडतं.

सॉफ्टवेअरमध्ये मागच्या खेपेची यादी होती. प्रिंट दिली तर फक्त आमचंच प्रिस्क्रिप्शन बाहेर आलं. बाहेरच्या डॉक्टरांची औषधं वेगळ्या खान्यात असतात, तिथे टिक करावी लागते, हे मला ३ वर्षांनी कळलं. टिक करून काढलेल्या दुसऱ्या कागदावर होतं: ॲसिनोकूमेरॉल. रक्त पातळ करणारं. म्हणजे आधी आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याची तपासणी, बघायचा, आणि सवयीने मेट्रोनिडॅझोल हे जंतुसंसर्गावरचं औषध लिहायला जाणारा हात आवरायचा, कारण दोन्ही एकत्र दिली की रक्त आणखी पातळ होतं.

गोळी बंद करायला सांगितली नाही, ते त्यांच्या हृदयाच्या डॉक्टरांनी ठरवायचं. कागदाची घडी आजींनी चष्म्याच्या डबीत कोंबली.