चाकाचा घूं आवाज, अपडेट ५: नवं बेअरिंग बसलं, आवाज जागेवरच

तर मंडळी, गाडीच्या चाकाचं बेअरिंग (चाक ज्यावर फिरतं ती गोळ्यांची रिंग) बदललं आणि आवाज आहे तिथेच आहे. मागच्या वेळी मी छातीठोकपणे लिहिलं होतं की पुढचं उजवं बेअरिंगच गेलंय. बेअरिंगचे १,८५०, प्रेसिंग आणि मजुरीचे १,२००, अख्खा शनिवार गेला, आणि रविवारी पहाटे साडेपाचला चेंबूरहून मुंबईच्या ईस्टर्न फ्रीवेवर चढलो, ताशी साठला पोचलो आणि तोच घूं. जराही कमी नाही. फ्रीवेचं दुसरं टोक, ऑरेंज गेट, येईपर्यंत रेडिओसुद्धा लावला नाही, नुसता ऐकत गेलो आणि मनातून फार वाईट वाटलं.

मागचं सगळं परत उगाळत नाही. ५० ते ८० मध्ये आवाज, न्यूट्रल टाकला तरी तसाच म्हणजे इंजिनचा नाही, आणि डावीकडच्या वळणावर वाढतो म्हणजे वजन उजवीकडे गेलं की वाढतो. इथपर्यंत आपलं सगळं बरोबरच होतं. चूक त्यापुढे झाली आणि ती नेमकी कुठे झाली ते सापडलंय, म्हणून हा अपडेट इतका लांबलाय.

आधी बेअरिंगच्या कामाबद्दल थोडं, कारण ते काम स्वतःपुरतं छान झालं. गॅरेजवाल्याने मला शेजारी उभं राहू दिलं. नवं बेअरिंग नकलमध्ये (ते ज्यात बसतं त्या लोखंडी भागात) बसवताना त्याने जुन्या बेअरिंगची बाहेरची रिंग घासून तिचाच ड्रिफ्ट, म्हणजे दाबायचा ठोकळा केला, म्हणजे प्रेसचा जोर फक्त बाहेरच्या रिंगवर. आतल्या रिंगवर दाबलं असतं तर गोळ्यांचे ठसे रेसमध्ये, म्हणजे त्या फिरतात त्या खाचेत, उमटले असते आणि नवं बेअरिंग पहिल्या दिवसापासून घरघरलं असतं. एबीएसची (चाक लॉक होऊ न देणाऱ्या ब्रेकची) मॅग्नेटिक रिंग असलेली बाजू सेन्सरकडे आहे ना हे पण त्याने न सांगता दोनदा पाहिलं. ॲक्सल नट टॉर्क रेंचने, म्हणजे मोजून आवळला. असा माणूस मिळाला की त्याला धरून ठेवायचं. काढलेलं बेअरिंग मी मागून घरी आणलं, पण ते बोटांत फिरवून काही सिद्ध होत नाही कारण उपटताना सगळा जोर गोळ्यांवरूनच जातो, चांगलं असलं तरी खराब होऊनच बाहेर येतं.

आता मुख्य भानगड. ज्यांना आठवत असेल त्यांना आठवेल, मी फोनवर स्पेक्ट्रम ॲपने (आवाजात कुठला सूर किती जोरात आहे हे दाखवणारं) रेकॉर्डिंग केलं होतं आणि जीपीएसच्या ६० ला साधारण २१० हर्ट्झला एक उभा काटा मिळाला होता. टायरचं माप १८५/६५ आर१५, कागदावर व्यास ६२१.५ मिमी, परीघ १.९५ मीटर, म्हणजे ६० ला चाक सेकंदाला ८.५४ फेऱ्या मारणार. २१० भागिले ८.५४ म्हणजे साडेचोवीसच्या वर. मी काय म्हटलं होतं? की पूर्णांक येत नाहीये, टायरची झीज असती तर एका फेरीत पूर्ण संख्येनेच ठोके पडले असते, बेअरिंगमध्ये गोळ्या आणि रेसच्या भूमितीमुळे अपूर्णांक येतो, तेव्हा बेअरिंग. तर्क अजूनही मला बरोबर वाटतो. आकडा चुकीचा होता.

कारण गाडीचं वजन आलं की टायर खाली चपटतो आणि एका फेरीत कागदावरच्या परिघापेक्षा कमी अंतर कापतो. हे मला माहीत होतं हो, पण दोन-तीन टक्क्यांनी काय होतंय म्हणून सोडून दिलं. फरक तिथेच होता. सोमवारी रात्री सोसायटीच्या कंपाउंडमध्ये टायरवर आणि जमिनीवर खडूने खूण केली, हवा ३३ पीएसआय पक्की केली आणि वॉचमनकाकांच्या मदतीने गाडी ढकलत तीन फेऱ्या पूर्ण केल्या. टेप लावली, ५ मीटर ७० सेंटीमीटर. एका फेरीला १.९० मीटर. ६० ला ८.७७ फेऱ्या. २१० भागिले ८.७७.

२३.९५. म्हणजे २४च.

मग जुनी रेकॉर्डिंग उघडली. ८० ला काटा २८१ च्या आसपास, तो पण २४ पट. ४० ला १४० च्या आसपास, तो पण २४. गिअर कुठलाही असो. कंपाउंडमध्ये उभ्या उभ्या मोबाईलवर हिशेब करताना अंगावर काटा आला राव, तीन आठवडे डोक्यात घोळणारी गोष्ट टेपच्या एका मापाने सुटली. गाडीत एका फेरीत चोवीस वेळा काहीतरी आपटतंय आणि ते चाकाबरोबरच फिरतंय.

आता कुठलं चाक? वळणाची टेस्ट उजवी बाजू सांगते, बेअरिंग की टायर हे ती सांगत नाही, कारण वळणावर बेअरिंगवर जसं वजन येतं तसंच त्या बाजूच्या टायरवर पण येतं. आणि पुढचं की मागचं हे तर अजिबातच नाही. आमची लेक कायम ड्रायव्हरच्या मागे बसते. पहिल्याच आठवड्यात ती म्हणाली होती, "बाबा, आवाज माझ्या सीटखालून येतोय." मी म्हटलं, "अगं, बॉडीतून फिरून येतो तो, पुढचाच आहे." तिचं तेव्हाच ऐकायला हवं होतं. मंगळवारी एक फोन पुढे पायापाशी आणि एक डिकीत उजव्या चाकाच्या कमानीला चिकटवून गेलो. पांजरपोळच्या बोगद्यात काचा खाली केल्या की भिंतीवरून आवाज परत येतो आणि बाजू तर कानालाच कळते, पण डिकीतल्या फोनवर २१० चा काटा पुढच्यापेक्षा कितीतरी उंच होता.

घरी येऊन मागचं उजवं चाक उचललं. पहिला गिअर, पुढच्या चाकांना दोन्हीकडून विटा, हँडब्रेक सोडलेला, आणि जॅकवर भरवसा न ठेवता खाली स्टँड. (स्टँडशिवाय चाकाजवळ हात घालू नका, कितीही घाई असली तरी.) बाराला आणि सहाला धरून हलवलं, खेळ नाही. स्प्रिंगवर बोटं ठेवून चाक फिरवलं, खरखर नाही, ड्रम थोडा घासतो तेवढंच. लांब स्क्रूड्रायव्हर हबला (चाक ज्यावर नटांनी बसतं त्या मधल्या भागाला) लावून दांडा कानाशी धरला तरी काही नाही. मागचं बेअरिंग निर्दोष. जाता जाता, तो हातात धरायचा इन्फ्रारेड थर्मामीटर या कामासाठी घेऊ नका, ब्रेकच्या गरमीत हबची गरमी वेगळी ओळखता येत नाही, माझा कपाटात पडून आहे.

चाक निघेना. समुद्राची हवा, हब आणि रिम गंजून एकजीव झालेले. नट काढून, तेल मारून अर्धा तास ठेवलं आणि रबरी हातोड्याने आतल्या बाजूने फिरवत फिरवत ठोकलं तेव्हा "ठक" करून सुटलं. परत बसवताना हबची रिम टेकते ती बाजू वायर ब्रशने साफ केली, आता पुढच्या वेळी हा त्रास नको.

मग टायर मांडीवर घेऊन हात फिरवला. नुसत्या नजरेला काही दिसत नव्हतं, आधी चार वेळा टॉर्च मारून पाहिलेलाच टायर तो. पण तळवा आतल्या कडेवरून सावकाश नेला की उंच, खोल, उंच, खोल असं लागत होतं, धुण्याच्या जुन्या दगडासारखं. लेकीचा जाड खडू आडवा धरून अख्ख्या आतल्या कडेवर घासला. उंच ठोकळे पांढरे झाले, बसलेले काळेच राहिले. दर तिसरा ठोकळा काळा, तिरक्या ओळीत. व्हॉल्व्हपाशी चिकटपट्टी लावली आणि लेक मोठ्याने मोजत गेली. वीस, एकवीस, बावीस, तेवीस, चोवीस, आणि चिकटपट्टी. मी तिला परत मोजायला लावलं. परत चोवीस. खोली मोजायच्या डेप्थ गेजवर उंच ठोकळा ५.१ मिमी, बसलेला ३.९. सव्वा मिलीमीटरच्या फरकासाठी मी हब खोललं होतं.

कंपन्या टायरचे ठोकळे मुद्दाम लहानमोठे ठेवतात, सगळे सारखे असले तर एकाच सुराची शिट्टी वाजेल म्हणून. दर तिसरा ठोकळा झिजला की ती सगळी मेहनत वाया जाते आणि तो सूर परत येतो, अगदी बेअरिंगसारखा. आमच्याकडे आता बहुतेक रस्ते सिमेंटचे झालेत, डांबरावरून सिमेंटवर आलो की साध्या टायरचा आवाज बदलतो पण हा घूं फारसा बदलत नव्हता, त्यानेही मी फसलो. टायरवरचे खड्डे इतके खोल की रस्ता कुठलाही असो, ठोका पडतोच.

बुधवारी तोच टायर पुढे उजवीकडे लावला आणि पुढचा मागे. आवाज पायाशी आला, आणि स्टिअरिंगमध्ये बारीक थरथर पण. म्हणजे पक्कं.

इथपर्यंत लिहून झाल्यावर मागचे दोन नवे टायर मागवणार होतो, दुकानदाराशी बोलणंही झालं होतं. पण लिहिता लिहिता डोक्यात आलं, स्टेपनी! जमिनीला न लागलेली, त्याच मापाची. उठलो, खाली गेलो आणि तो खराब टायर काढून पुढे उजवीकडे स्टेपनी लावली. तिच्यावर चार आकडी कोड २११९ आहे, म्हणजे २०१९ च्या एकविसाव्या आठवड्यातली, त्यामुळे कायमची चालवणार नाही, टेस्टपुरतीच. आज पहाटे परत फ्रीवे. साठ. सत्तर. ऐंशी. २१० ला काटा नाही, सपाट. रस्त्याच्या जॉइंटवरची टकटक ऐकू आली, एवढी शांतता मी या गाडीत कित्येक महिने ऐकली नव्हती. एक फेरी बस होती, तरी मी दोन मारल्या.

पण नवे टायर आत्ता घेणार नाही, ऑर्डर थांबवलीय. टायर असा तिरका का झिजला हे कळल्याशिवाय नवे घातले तर वीस हजार किलोमीटरमध्ये तेच होणार. मागचा उजवा शॉकअप संशयित आहे, कोपरा दाबून सोडला की डावी बाजू लगेच स्थिर होते आणि उजवी आणखी एकदा वर येते, आणि दांडीवर तेलाचा ओला थर आहे. कालपर्यंत मी शॉकअपची जोडीच बदलणार होतो. आता वाटतंय की आतल्या कडेलाच आणि तिरक्या ओळीत झीज आहे तर टो (चाक सरळ पुढे बघतं की आतबाहेर वळलंय तो कोन) पण बघायला हवा. आपल्या गाडीला मागे बीम (दोन्ही मागची चाकं जोडणारा आडवा दांडा) आहे, टो ॲडजस्ट होत नाही, खड्ड्यात बीमच जरा वाकला असेल तर नवा शॉकअप घालूनही पैसे पाण्यात. म्हणून आधी चारही चाकांची अलाइनमेंट, तीही छापील शीट देणाऱ्याकडेच. नुसतं "हो गया साहब" म्हणणाऱ्याकडे आता जायचं नाही. मागचे आकडे मर्यादेत असले तर शॉकअपची जोडी, नसले तर आधी बीम.

शॉकअपच्या खालच्या बोल्टवर आत्ताच तेल मारून ठेवलंय, त्यालाही गंज चढलाय. कुणी बीमवर शिम (पातळ पत्रा) टाकून मागचा टो सरळ केला असेल तर शनिवारच्या आत सांगा, सकाळी नऊची वेळ घेतलीय. शीट हातात आली की आकडे टाकतो.