सँडविचचे काचेचे दिवे

बॉस्टनहून दक्षिणेला निघालं की सॅगामोरचा पूल लागतो आणि कालवा ओलांडला की केप कॉड, समुद्रात शिरलेला जमिनीचा लांब पट्टा, सुरू होतं. उन्हाळ्यातली गर्दी सरळ समुद्राकडे जाते. आई आणि मी सँडविच या छोट्या गावातच थांबलो, तिथल्या ग्लास म्युझियमसाठी.

डेमिंग जार्व्हिसने १८२५ मध्ये इथे काचकारखाना काढला. किनाऱ्यावर वाळूच वाळू आहे, पण ती काचेच्या कामाची नव्हती. चांगली वाळू न्यू जर्सीहून मागवावी लागे. त्याला हवं होतं ते भट्टीसाठी भोवतालच्या जंगलातलं लाकूड आणि मालासाठी जलमार्ग.

माझा सगळा वेळ व्हेल माशाच्या तेलाच्या दिव्यांपाशी गेला. वरचं तेलाचं भांडं फुंकणीनं फुगवलेलं, खालची बैठक साच्यात दाबलेली. वितळलेल्या काचेचा गोळा साच्यात सोडायचा, कात्रीनं तोडायचा आणि तरफ ओढून दट्ट्या दाबायचा. गार साच्याला टेकताच काचेवर सुरकुत्या पडत, कात्रीचा व्रणही राही. ते झाकायला नक्षीमागची सगळी जागा बारीक ठिपक्यांनी भरून टाकली. उजेड पडला की हे ठिपके असे लखलखतात, की मूळ अडचण कुणाच्या मनातही येऊ नये. मला तर हातानं पैलू पाडलेल्या महागड्या काचेपेक्षा हीच जास्त आवडली.

भांडं आणि बैठक यांच्यामध्ये तापलेल्या काचेची एक चकती असते, त्या दोघांना जोडणारी. एका दिव्यात ती जराशी एका बाजूला सरकलेली दिसली. खालची नक्षी साच्यानं दिली, पण ही चकती कुणा कारागिरानं भर उष्णतेत हातानं बसवली होती.

कोणता दिवा कोणत्या तेलाचा, हे वातीच्या नळ्यांवरून कळतं. व्हेलचं तेल दाट, म्हणून नळ्या भांड्यात खाली उतरलेल्या. ज्योतीची ऊब तेलापर्यंत पोचायला हवी. पुढे टर्पेंटाइन आणि अल्कोहोलचं मिश्रण आलं. ते स्वस्त आणि लख्ख जळे, पण भडका उडून माणसं भाजत. म्हणून त्या नळ्या उंच आणि एकमेकींपासून दूर झुकलेल्या, शिवाय साखळीला छोटी टोपणं. १८५९ मध्ये पेनसिल्व्हेनियात टायटसव्हिलला तेलाची विहीर लागली आणि घरोघरी रॉकेल आलं.

रॉकेलच्या दिव्यांपाशी मात्र आईच मला सांगू लागली. रत्नागिरीच्या घरी रोज तिन्हीसांजेच्या आधी कंदिलाच्या काचा राखेनं पुसायचं काम तिच्याकडे असायचं. "वात सरळ कापली नाही तर एका बाजूनं काजळी धरते गं," असं म्हणत तिनं बर्नरची चावी कुठे असते ते दाखवलं.

हा कारखाना १८८८ मध्ये संपामुळे बंद पडला. पिट्सबर्गकडच्या कारखान्यांना कोळसा दारात मिळत होता आणि त्यांची स्वस्त काच तेव्हा बाजारभर झाली होती.