तो ‘टिक्’ कुठे गेला?

जुलैतला गुरुवार. ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या आमच्या स्टुडिओच्या गाळ्याच्या पत्र्यावर सकाळपासून पाऊस कोसळत होता. असा पाऊस असला की मी रेकॉर्डिंग घेत नाही, मिक्सिंगची कामं उरकतो. साडेदहाच्या सुमाराला नौपाड्यातल्या काकू नातीला घेऊन आल्या. छत्री दाराशी टेकवून त्यांनी पिशवीतून एक सीडी काढली. तिच्यावर माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं, २०१४.

काकांनी निवृत्तीनंतर बालगीतं बांधली होती, त्यातली आठ आम्ही तेव्हा केली. गायले काकाच. २०२० साली ते गेले. आता शनिवारी घाणेकर नाट्यगृहात नातीच्या गाण्याच्या क्लासचा कार्यक्रम होता आणि तिने आजोबांचं एक गाणं निवडलं होतं.

“दादा, नुसतं म्युझिक मिळेल का? पण आजोबांची पट्टी काळी एक होती, माझी काळी पाच आहे.”

“मिळेल की. तासाभराचं काम आहे,” मी म्हटलं, आणि मनापासून म्हटलं. त्या गाण्यात कीबोर्ड, बेस, स्ट्रिंग्ज सगळं मिडीवर होतं. मिडी म्हणजे आवाज नव्हे, कीबोर्डची कुठली कळ कधी आणि किती जोराने दाबली याची नोंद, प्रत्येक कळीला एक नंबर. काळी एकवरून काळी पाचवर जायचं तर सगळ्या नोंदी तीन घरं खाली सरकवायच्या. ड्रमचा ट्रॅक तेवढा त्यातून वगळायचा, कारण ड्रममध्ये प्रत्येक नंबर म्हणजे वेगळं वाद्य असतं. तो सरकला तर स्नेअरची, म्हणजे काडीने वाजवायच्या तारेच्या ड्रमची, जागा भलतंच काहीतरी घेतं.

हार्डडिस्क शोधली, प्रोजेक्ट उघडला. स्ट्रिंग्ज वाजल्या, बेस वाजला. ड्रम गप्प. स्क्रीनवर पाटी आली, प्लगिन सापडत नाही. प्लगिन म्हणजे मुख्य सॉफ्टवेअरला जोडायचं छोटं सॉफ्टवेअर, इथे ड्रमचं.

ते ड्रम-सॉफ्टवेअर मी २०१३ साली पैसे मोजून घेतलं होतं. कंपनी छोटी होती, आवाज फार गोड होता. नाव इथे लिहीत नाही. इन्स्टॉलरची फाइल मी जपून ठेवली होती, नऊ जीबीचा आवाजांचा साठाही होता. पण नव्या कॉम्प्युटरवर टाकलं की ते एक कोड द्यायचं, तो त्यांच्या वेबसाइटवर भरायचा, तिथून उलट कोड यायचा, मग कुलूप उघडायचं. वेबसाइट उघडेना. ईमेल केला, तो पाच मिनिटांत परत आला. कंपनी मध्ये केव्हातरी विकली गेली होती आणि नव्या मालकाच्या यादीत हे सॉफ्टवेअरच नव्हतं. नऊ जीबी ड्रम माझ्या टेबलावर पडलेले आणि त्यातला एक ठोका मला वाजवता येत नव्हता. साठा त्यांच्या स्वतःच्या बंद फॉरमॅटमध्ये होता, दुसरं कुठलं सॉफ्टवेअर तो वाचू शकत नाही.

माझी खरी चूक याहून जुनी होती. २०१४ साली मिक्स संपल्यावर प्रत्येक वाद्याचा ट्रॅक वेगळा वेव्ह फाइलमध्ये काढून ठेवायला हवा होता. तसा ड्रमचा एक ट्रॅक असता तर काम तिथेच संपलं असतं, कारण ड्रमची पट्टी बदलायचीच नव्हती. माझ्याकडे होता फक्त शेवटचा मिक्स, त्यात काकांचा आवाज मिसळलेला.

काकूंना काय सांगायचं सुचेना. “चारपर्यंत करून ठेवतो” म्हणालो. त्या राम मारुती रोडला खरेदीसाठी गेल्या.

उरली होती ती मिडीची नोंद. माझ्या मित्राने ते गाणं ऑक्टोपॅडवर, म्हणजे काडीने वाजवायच्या इलेक्ट्रॉनिक पॅडवर, वाजवलं होतं. आपल्याकडे ऑर्केस्ट्रात वाढलेल्या रिदमवाल्यांचा हात ऑक्टोपॅडवर जसा बसतो तसा माउसने नोट्स मांडून बसत नाही. नोंदीची खिडकी उघडली तर तीन मिनिटांच्या गाण्यात चौदाशेच्या वर नोट्स. मिडीत फटक्याचा जोर १ ते १२७ असा मोजतात. केरवा तालाच्या दोन मुख्य ठोक्यांच्या मधल्या जागांत स्नेअरवर त्याने नुसती काडी टेकवली होती, तिथले आकडे होते २२, ३१, २७, पुन्हा २२. दुसऱ्या अंतऱ्यात तो किंचित मागे राहून वाजवतोय हेही रेघांवर दिसत होतं. ड्रम गेला होता, हात जिवंत होता. ज्या मिडीमुळे तो राहिला ते १९८३ सालचं आहे आणि कुणा एका कंपनीच्या मालकीचं नाही.

तेव्हा माझ्याकडे कामचलाऊ म्हणून एक फुकटचं ड्रम-सॉफ्टवेअर होतं. नोंद त्याला जोडली आणि प्ले केलं, तर आख्ख्या गाण्यावर काउबेल, म्हणजे धातूची घंटा, ठणठणायला लागली. कारण साधं होतं. कुठला नंबर म्हणजे कुठलं वाद्य याची सामाईक यादी १९९१च्या जनरल मिडी ठरावात आहे. त्याप्रमाणे पायाचा ड्रम म्हणजे किक ३६, स्नेअर ३८, झांजांची जोडी म्हणजे हाय-हॅट बंद असेल तर ४२, उघडा ४६. गेलेल्या सॉफ्टवेअरने मात्र स्वतःचाच नकाशा केला होता. त्यात बंद हाय-हॅट ५६ वर होता आणि जनरल मिडीत ५६ म्हणजे काउबेल. मग एकेक नंबर एकटा वाजवून, जुन्या सीडीशी ताडून, ११ नंबर नव्या जागी बसवले. त्यात दोन तास गेले. बारीक फटके नव्या स्नेअरवर फार टणक येत होते, तिथे जोराचा आलेख खाली वाकवला. साडेतीनला गाणं सीडीच्या बरंच जवळ आलं. मला तरी तसं वाटलं.

काकू आल्या, हेडफोन नको म्हणाल्या, स्पीकरसमोर खुर्ची ओढून बसल्या. पहिलं कडवं झालं, म्युझिकचा तुकडा आला आणि त्यांनी हात वर केला.

“अरे, इथे एक ‘टिक्’ होता. तो कुठे गेला? ह्यांनी मुद्दाम सांगून घातला होता तो. मुलं तिथे मान हलवतात म्हणायचे.”

मी नोंद पाहिली. जुन्या नकाशात ३८, ३९ आणि ४० हे तीन नंबर स्नेअरच्या आसपास होते, म्हणून मी तिन्ही एकत्र ३८ वर टाकले होते. त्यातला ३९ स्नेअर नव्हता, काडी आडवी धरून कडेवर मारलेला ठोका होता, रिम-क्लिक. जनरल मिडीत त्याची जागा ३७. बारा ठिकाणी तो होता, बाराही ठिकाणी मी त्याचा भरदार स्नेअर करून टाकला होता. नंबर बदलला आणि तुकडा पुन्हा वाजवला. काकूंची बोटं खुर्चीच्या हातावर त्याच जागी आपटली. नात हळूच गुणगुणायला लागली. शनिवारी ती छान गायली, मी मागच्या रांगेत होतो.

पण त्या गुरुवारने मला एका गोष्टीकडे वेगळ्या नजरेने पाहायला लावलं. ड्रम-सॉफ्टवेअर निवडताना आपण आवाज ऐकतो. स्नेअर किती गोड, झांजांची शेपूट किती लांब, एकाच जोराचे लागोपाठ फटके मशिनगनसारखे एकसुरी येतात की प्रत्येक वेळी नवा सॅम्पल, म्हणजे टिपलेला आवाज, लागतो. हे पाहायलाच हवं. पण गाणी परत येतात. कुणी वारल्यावर, कुणाचं लग्न ठरल्यावर, क्लासचा वर्धापनदिन आला की परत येतात, आणि तेव्हा ते सॉफ्टवेअर उघडलं पाहिजे. आपण ज्याला विकत घेतलं म्हणतो तो व्यवहार बऱ्याचदा ठाण्यातल्या भाड्याच्या खोलीसारखा असतो. करार लिव्ह अँड लायसन्सचा, किल्ली मालकाकडे. फरक इतकाच की खोलीच्या करारावर ११ महिने लिहिलेलं असतं, इथे मुदत लिहिलेली नसते.

त्या आठवड्यात नवं घ्यायचं ठरवलं तेव्हा आवाज सगळ्यात शेवटी ऐकायचे असा नेम केला. ऑक्टोपॅडवाला मित्र संध्याकाळी चहाला यायचा, आम्ही दोघं खल करायचो. तो म्हणायचा, मोठ्या नावाचं घे, काळजी नाही. मला ते पटत नव्हतं. टास्कमचा गिगास्टुडिओ एके काळी सॅम्पलरमधलं केवढं नाव होतं, २००८ साली बंद झाला. केकवॉक हे कॉम्प्युटर-संगीतातलं जुनंजाणतं घर, गिब्सनने नोव्हेंबर २०१७ मध्ये त्याचं काम थांबवल्याचं जाहीर केलं. पुढे फेब्रुवारी २०१८ मध्ये बँडलॅबने ते घेतलं म्हणून वाचलं. बीएफडी हे ड्रमचं नावाजलेलं सॉफ्टवेअर २००३ सालचं, एफएक्सपॅन्शनचं. २०१६ साली ते रोलीकडे आणि २०२० साली इनम्युझिककडे गेलं. मालक बदलल्याने सॉफ्टवेअर वाईट होत नाही, पण किल्ली कोणाकडे आहे हे पुन्हा विचारावं लागतं.

शिवाय दार फक्त परवान्यानेच बंद होतं असं नाही. क्यूबेस या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये २०१६च्या नवव्या आवृत्तीपासून जुन्या धाटणीची ३२-बिट प्लगिन उघडत नाहीत. २०१९ साली मॅकच्या कॅटलिना या सिस्टिमनेही ३२-बिट सोडलं. क्यूबेसवाल्या स्टाइनबर्गने व्हीएसटी २ या प्लगिनच्या जुन्या फॉरमॅटचे नवे परवाने २०१८ साली देणं थांबवलं. म्हणून प्लगिन व्हीएसटी ३ मध्ये आहे का आणि गेल्या दोन-तीन वर्षांत त्याची नवी आवृत्ती आली आहे का, हे मी आवाजाच्या आधी बघतो. आवृत्त्यांची तारीख बघायला कुणी पैसे मागत नाही, आणि कंपनीत माणसं कामावर आहेत की नुसतं दुकान उघडं आहे ते त्यातून कळतं.

अ‍ॅडिक्टिव्ह ड्रम्स २ मला आवडतं, पण ते २०१४ सालचं. सुपीरिअर ड्रमर ३, २०१७ सालचं, आवाज जॉर्ज मॅसनबर्गनी बेल्जियमच्या गॅलक्सी स्टुडिओत टिपलेले, मूळ साठा सुमारे २३० जीबी. ऐकताना अंगावर काटा येतो. पण माझ्या कामाला, भावगीत, अभंग, बालनाट्याचं पार्श्वसंगीत, एवढी बारकाई लागत नाही आणि एवढा साठा दोन ठिकाणी जपायचा म्हणजे डिस्कचाच खर्च. शेवटी ईझीड्रमर ३ घेतलं. पहिलं ईझीड्रमर २००६चं, दुसरं २०१४चं, तिसरं २०२२चं. आणि मला सगळ्यात मोलाचं वाटलं ते हे, की जुन्या काळात घेतलेले त्या कंपनीचे जादा आवाजसंच नव्या आवृत्तीतही उघडतात. घोडबंदर रोडवरच्या एका स्नेह्याच्या स्टुडिओत जाऊन मी ते डोळ्यांनी पाहिलं. इंटरनेटची वायर काढून कॉम्प्युटर पुन्हा चालू करून पाहिला, संच उघडला. त्यानंतर आवाज ऐकले. गेलेल्या सॉफ्टवेअरच्या स्नेअरचा गोडवा त्यात नाही, हे मान्य करून घेतलं.

तरी किल्ली दुसऱ्याकडेच राहिली. म्हणून मित्र म्हणाला, “आपला एक सेट आपणच टिपू ना. माझा स्नेअर आहेच.”

त्याला फार काही लागत नाही. प्रत्येक फटका साधी वेव्ह फाइल. कुठल्या नंबरला, कुठल्या जोराला कुठली फाइल वाजायची हे एसएफझेड नावाच्या फॉरमॅटमध्ये लिहायचं. तो निव्वळ मजकूर असतो, नोटपॅडमध्ये उघडून वाचता येतो. उद्या वाचणारं सॉफ्टवेअर बंद पडलं तरी फाइली आणि तो कागद आपल्याकडे राहतो. दुसरं कुणीही ते पुन्हा उभं करू शकतं.

आम्ही पुढच्या रविवारी रात्री बसलो. रात्री, कारण दिवसा शेजारच्या गाळ्यात लेथ चालते. स्नेअरवर एसएम५७ माइक, वर आणखी दोन माइक. १६ जोर ठरवले, प्रत्येक जोराचे सहा फटके, म्हणजे ९६. अगदी हळू फटके सगळ्यात अवघड. २२च्या जोराचा फटका सहा वेळा सारखा आणि तरी जिवंत मारायचा म्हणजे हात थरथरू द्यायचा नाही. त्याने डोळे मिटले होते. एक फटका, मग तार पूर्ण शांत होईपर्यंत श्वास धरून थांबायचं, मग पुढचा. पहिल्या दहांत दोनदा पंखा ऐकू आला, पंखा बंद केला. घामाने काडी निसटायला लागली तेव्हा त्याने हात शर्टाला पुसले. त्यानंतर टिपला रिम-क्लिक. तो मारताना मी त्याला काकूंची बोटं सांगितली. तो काही बोलला नाही, पण काडी जरा कडेकडे सरकवली, आवाज कोरडा आणि स्वच्छ झाला.

पुन्हा स्नेअरकडे वळलो. सत्तराव्या फटक्यानंतर पावसाची सर आली आणि पत्रा वाजायला लागला. माइकचे लेव्हल तसेच ठेवले, रेकॉर्डिंग थांबवलं. दोघं अंधारात बसून राहिलो, त्याच्या मांडीवर काड्या. पावणेदोन वाजले होते, अजून सव्वीस फटके उरले होते.