फोरो बेटावर, लिव उलमानसाठी

स्वीडनच्या गॉटलंड बेटाच्या उत्तर टोकाला फोरोसुंदच्या धक्क्यावरून पिवळी फेरीबोट सुटते आणि दहाएक मिनिटांत फोरोला लागते. तिकीट नाही. गाड्या, सायकली, माणसं, सगळी फुकट. बाकी लोक उन्हाळा साजरा करायला निघाले होते, मी लिव उलमानसाठी.

तिचा 'पर्सोना' हा चित्रपट मी पुण्यात लॉ कॉलेज रोडवरच्या फिल्म अर्काइव्हमध्ये पाहिला आणि घरी येईपर्यंत कुणाशी बोलवेना. 1965 च्या उन्हाळ्यात इथंच त्याचं चित्रीकरण झालं. लिव तेव्हा 26 वर्षांची. 1957 मध्ये स्टावांगरला ॲन फ्रँक साकारून नाव कमावलेली नॉर्वेची नटी. स्वीडिश दिग्दर्शक इंगमार बर्गमननं तिला भूमिका दिली ती 'इलेक्ट्रा' नाटक करता करता अचानक गप्प झालेल्या अभिनेत्रीची. संवाद जवळजवळ नाहीतच. बोलते ती बिबी अँडरसनची नर्स. ती किनाऱ्यावरची जुनी आठवण सांगते तेव्हा लिवकडे बघा. ती फक्त ऐकते, पण ऐकताना ओठ किंचित सुटतात, आणि आपल्याला तिचा चेहरा सोडवत नाही. रंगभूमीवर शब्दांवर वाढलेल्या नटीनं शब्द टाकून एवढं करावं!

बेटावरच्या लांगहामर्शच्या किनाऱ्यावर पोचले तेव्हा वारा सुटला होता. समुद्रानं कोरलेले चुनखडीचे उंच सुळके, ज्यांना इथं 'रौकार' म्हणतात, आणि पायाखाली फक्त गोटे. दर पावलाला घोटा मुरगळेल असं वाटतं. 'पर्सोना'त याच बेटाच्या खडकाळ किनाऱ्यावर नर्स लिवच्या मागे धावते, विनवते.

लिवला 'बर्गमनची प्रेरणा' म्हणून मोकळं होणारे लोक मला खटकतात. पाचेक वर्षं ती त्याच्यासोबत इथं राहिली, मग मुलीला घेऊन निघून गेली. 1975 मध्ये न्यूयॉर्कला इब्सेनच्या 'अ डॉल्स हाउस' नाटकातली नोरा केली, पुढं दिग्दर्शक झाली, 2022 मध्ये मानद ऑस्कर घेतलं. हे सगळं तिचं आहे. आपल्या पुण्याच्या धीरज अकोलकरनं तिच्यावर दोन माहितीपट केले, त्याचा मला फार अभिमान वाटतो. पहिल्यात ती इथल्या घराच्या दारावर रेखलेल्या हृदयांच्या, अश्रूंच्या खुणा दाखवते. ते घर खाजगी. मी तिकडं गेले नाही. चर्चच्या आवारात बर्गमनच्या साध्याशा थडग्यापाशी मात्र थोडा वेळ थांबले.

परतीच्या फेरीत शेजारच्या आजीबाई स्वीडिशमध्ये मला काहीतरी सांगू लागल्या. एक शब्द कळला नाही. धक्का येईपर्यंत मी त्यांच्या तोंडाकडे बघत ऐकत राहिले.